बायच्या खोलीतला डिह्युमिडिफायर: दोन पावसाळ्यांनंतर

मागच्या वर्षी आर्द्रा लागल्या आणि त्याच आठवड्यात आम्ही हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर घरात आणला. दोन पावसाळे काढल्याशिवाय त्याच्याविषयी काही लिहायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं. उन्हाळ्यात आणलेली वस्तू चांगलीच वाटते. मालवणात तिची परीक्षा जुलैतले तरणा आणि म्हातारा पाऊस लागले की होते, दोरीवरचा टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेव्हा.

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. यंत्र कामाचं आहे. घरात दम्याचं किंवा सतत खोकणारं मूल असेल आणि त्याची झोपायची खोली बंद करता येत असेल, तर पैसे वसूल होतात. पण भिंतीतून पाणी येत असेल तर आधी भिंत, मग यंत्र. आम्ही हा क्रम उलटा केला आणि त्याची किंमत माझ्या लेकीच्या छातीने मोजली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या आकाराची बहुतेक यंत्रं आतून सारखीच असतात आणि मला सांगायचं आहे ते कामाबद्दल. आमचं यंत्र १२ लिटरचं, किंमत साडेपंधरा हजार. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती थंड नळ्यांवरून जाते, हवेतल्या वाफेचं पाणी होऊन खालच्या टाकीत पडतं आणि कोरडी हवा वरून बाहेर येते. दुकानात जाताना नाव नीट लिहून न्या. कुडाळात एका दुकानात मला आधी ह्युमिडिफायर दाखवला, तो वाफ सोडणारा. नावात एका अक्षराचा फरक आणि काम बरोबर उलटं. आमच्या हवेत तो मुलाच्या खोलीत लावला असता तर काय झालं असतं, ते आठवलं तरी धस्स होतं.

आता हे सगळं कशापायी.

आमची बाय, माझी लेक, आता सहा वर्षांची आहे. चौथं लागलं तेव्हापासून दर पावसाळ्यात तिला खोकला. दिवसभर ठीक, रात्री दीड-दोनला उठून बसायची आणि खोकत राहायची. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चार वेळा नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ, लावायला दवाखान्यात नेलं, त्यातलं एकदा ह्यांनी रात्री पावसातून रिक्षा काढून. प्रत्येक वेळी औषध, प्रत्येक वेळी दहा दिवस बरं, आणि परत तेच. सगळे म्हणायचे, हवा बदलली म्हणून. आम्हीही तेच म्हणत होतो. चतुर्थीच्या आधी ती आठ दिवस आजोळी राहिली, माझ्या माहेरी, कणकवलीच्या आतल्या बाजूला. तिथेही तोच पाऊस, तसाच गारवा, पण खोकला अर्ध्यावर आला. घरी परतली आणि तिसऱ्या रात्री पुन्हा उठून बसली.

मुलांच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी औषधाचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ती झोपते कुठे? डोकं कुठल्या भिंतीकडे? त्या भिंतीला ओल आहे का? मी म्हटलं, कोकणात ओल कुणाच्या घरात नाही. ते म्हणाले, घरी जा आणि कपाट हलवून बघा.

आमचं मूळ घर सासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, पागोळ्या भिंतीपासून अडीच फूट बाहेर. १९९८ साली पश्चिमेला एक स्लॅबची खोली वाढवली. मूळ घराच्या भिंतींवर पाऊस कधी पडतच नाही. स्लॅबच्या खोलीला पागोळी नाही, छज्जा नाही. नैऋत्येचा वारा सुटला की झड थेट भिंतीवर. तीच खोली बायची. घरातली सगळ्यात नवीन, रंगवलेली, लादी घातलेली, म्हणून हौसेने तिला दिली होती.

कपाट ओढलं. मागची प्लायवूडची फळी बोटाने दाबली तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत गेली. भिंतीवर माझ्या गुडघ्यापासून छातीपर्यंत काळं-हिरवट पसरलं होतं. मधोमध काळे ठिपके एकमेकांत मिसळलेले, कडेला पांढरी मऊ लव, टॉर्च तिरका धरला की मखमलीसारखी चमकणारी. फळी आणि भिंत यांच्यात दोन बोटांचीही फट नव्हती, म्हणून तिथे कधी वारा गेलाच नाही. कपाटाच्या त्या कडेपासून बायची उशी एका हातावर. आणि तो कुबट वास. मी इतकी वर्षं त्याला पावसाळ्याचा वास समजत होते.

मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाचं कापड पावसात कसं जपायचं ते मला कळतं. रेशमी साडी आली तर तिची घडी मोडते, वारा लागू देते, अस्तराचं कापड भिंतीला टेकू देत नाही. कापडासाठी जे करत होते ते माझ्या मुलीच्या उशीसाठी केलं नव्हतं. ही गोष्ट मला फार लागली, अजून लागते.

बुरशीचं नेमकं काय होतं ते डॉक्टरांनी मला साध्या शब्दांत सांगितलं. बुरशी हवेत बीजाणू सोडते. ते काही मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे, श्वासाबरोबर आत जातात. ज्याला त्यांची ॲलर्जी आहे त्याच्या श्वासनळ्या सुजतात आणि आवळतात. मोठ्या माणसाच्या नळीला थोडी सूज आली तर खोकला येतो, लहान मुलाची नळी मुळातच अरुंद, तिला तेवढ्याच सुजेने श्वास पुरत नाही. शिवाय मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. ओलीत नुसती बुरशी नसते, गादीतले धूळकिडेही वाढतात आणि त्यांचाही दम्याशी संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओल असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचा त्रास, संसर्ग आणि दम्याचे झटके जास्त होतात, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. हवेत अमुक इतके बीजाणू चालतील असा आकडा मात्र संघटनेने दिलेला नाही. म्हणून हवा तपासून घेण्यात पैसे घालू नका, असं डॉक्टर म्हणाले. दिसते किंवा वास येतो, एवढं पुरे.

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या अंगावर वेगळ्याच कारणाने काटा आला होता. भिंतीवर काळी बुरशी म्हटल्यावर त्यांना २०२१ आठवलं, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर टीव्हीवर रोज काळी बुरशी, काळी बुरशी चाललं होतं. "डोळे जातले गो चेडवाचे," पोरीचे डोळे जातील म्हणून त्या रडायला लागल्या. अजूनही अनेकांच्या मनात ही गल्लत आहे, म्हणून लिहिते. तो म्युकरमायकोसिस नावाचा आजार वेगळा. तो मुख्यतः आटोक्यात नसलेला मधुमेह, स्टिरॉइडचा जास्त वापर, प्रतिकारशक्ती कमी झालेली अशा माणसांना झाला. भिंतीवर काळं दिसलं म्हणजे तो आजार नव्हे. भिंतीवरच्या बुरशीचा निरोगी मुलाला होणारा त्रास हा नाक, घसा आणि छातीचा.

पण तो त्रास किरकोळ समजू नये. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे आवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा मृत्यूच्या चौकशीचा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. त्याच्या वडिलांनी २०१७ सालीच बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना सांगण्यात आलं होतं की वरून रंग मारा. पुढे २०२३ च्या कायद्यात तिथल्या घरमालक संस्थांना बुरशीची तक्रार मुदतीत सोडवणं बंधनकारक केलं, त्या कलमाला त्या मुलाचंच नाव पडलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती. वरून रंग मारा, हेच आमच्या रंगाऱ्यानेही सांगितलं होतं.

रंगाऱ्याच्या आधी एक वॉटरप्रूफिंगवाला झाला होता. त्याने खोलीच्या आतल्या बाजूने केमिकल कोटिंग केलं, बावीस हजार घेतले, पाच वर्षांची हमी तोंडी. पहिल्याच पावसात आतल्या रंगाला फुगे आले. एक फुगा मी सुईने फोडला तर पाण्याची धार उशीवर आली. कारण सोपं आहे, मला उशिरा कळलं. आपला जांभा दगड भोकाभोकांचा. बाहेरून पाणी ओढतो, भरतो, आणि मिळेल तिकडून सोडतो. आतून तोंड बंद केलं तर पाणी भिंतीतच कोंडतं आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथे फुटतं. बाहेरचं पाणी बाहेरूनच अडवायला हवं. हमीसाठी फोन केले, पुढे फोन लागायचाही बंद झाला.

तर अशा भिंतीच्या खोलीत आम्ही मागच्या वर्षी यंत्र लावलं.

यंत्राआधी तीनशे रुपयांचं आर्द्रतेचं मीटर घ्या, हायग्रोमीटर. हे मी यंत्रापेक्षाही कळकळीने सांगते. आकडा दिसल्याशिवाय काहीच कळत नाही. ते बरोबर दाखवतं का ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात ठेवून रात्रभर राहू द्या. मिठाच्या डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांना येऊन थांबते. सकाळी आमचं मीटर ७९ दाखवत होतं, म्हणजे चार जास्त. तेव्हापासून चार वजा करून वाचतो. बायला हे इतकं आवडलं की ती आता स्वतः वजाबाकी करते.

घरात आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढायला जड जातं, ५० च्या आसपास आली तर उत्तमच. आमच्या त्या खोलीत पहिल्या संध्याकाळी वजाबाकी करून ९१ होते.

यंत्र रात्री नऊला लावलं, खिडक्या बंद, दार बंद, दाराखाली बोटभर फट. अकराला ७४. मध्यरात्री ६८. मी जागीच होते. दोन-अडीचच्या सुमाराला यंत्र आपोआप बंद पडलं, लाल दिवा लागला. टाकी भरली होती. आकडा पुन्हा चढत सकाळी सातला ८३. मी टाकी काढून मोरीवर नेली. दोन लिटरची टाकी, काठोकाठ, स्वच्छ पाणी. आई मागे उभ्या होत्या. "खंयसून इला गो ह्या पाणी?" मी म्हटलं, हवेतलं. "हवेत एवढा पाणी आसता?" त्यांनी बोट बुडवून बघितलं, मग खोलीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे चेडू ह्याच श्वासातून घेय होता." त्या दिवसापासून यंत्राला घरात कुणी विरोध केला नाही.

टाकीचा प्रश्न हा या यंत्राचा पहिला दोष. खोक्यावर १२ लिटर लिहिलेलं असतं, ते चोवीस तासांत यंत्र किती पाणी काढू शकतं ते, आणि तेही ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता असताना. आपली पावसाळी हवा त्याच्या जवळपासची असल्याने आकडा खोटा ठरत नाही, आमचं यंत्र नऊ तासांत साडेचार लिटरपर्यंत काढतं. पण टाकी दोन लिटरची. म्हणजे ऐन पहाटे, मुलांची छाती सगळ्यात जास्त भरते त्या वेळी, यंत्र बंद. उपाय पाइपचा. मागे नळी जोडायला तोंड असतं. भिंतीला अर्ध्या इंचाचं भोक पाडून नळी न्हाणीत सोडली, उतार ठेवला. हे पहिल्या दिवशीच करून घ्या. हे पाणी पिऊ नका, पिऊ देऊ नका. नळी बसेपर्यंत आम्ही ते संडासात टाकायचो.

दुसरा दोष मोठा. आपल्याकडे पावसात रात्री दोनदा-तीनदा वीज जाते. वीज परत आली की हे यंत्र स्वतःहून सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. दुकानात कुणी हे सांगितलं नाही. मुंबईत बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला ही अडचण वाटत नसेल, आम्हाला आहे. घेताना विचारा: लाइट जाऊन आली तर आपोआप चालू होतं का? होत असेल तर हजार रुपये जास्त द्या. आम्ही शेवटी इन्व्हर्टरवर घेतलं, २४० वॉट ओढतं, तासभराच्या खंडाला पुरतं.

आवाज जुन्या फ्रिजएवढा. पहिले चार दिवस बाय कुरकुरली, पाचव्या दिवशी विसरली. खोलीचं तापमान दोन अंशांनी वाढतं, आषाढात हे बरंच वाटतं, सप्टेंबरात उकाडा सुटला की नकोसं होतं. तेव्हा संध्याकाळी पाच ते नऊ यंत्र चालवून झोपताना बंद करतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी आधी त्यातला ड्राय मोड वापरून, मीटर लावून बघावं, कदाचित यंत्राची गरज लागणार नाही. आमच्याकडे एसी नव्हता, आणि पावसात थंडावलेल्या खोलीत एसी लावून खोकणाऱ्या मुलीला आणखी गार करायची माझी तयारी नव्हती.

मागची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवावी लागते. नाही धुतली तर तिच्यावरच धूळ आणि ओल साठून बुरशी येते आणि मग यंत्रच ती खोलीभर उडवतं. टाकीही साबणाने आतून घासायची. खाऱ्या हवेने मागच्या स्क्रूंना एका वर्षात गंज चढला, दोन बदलले. आर्द्रता मोजणारा सेन्सर श्रावणात बिघडला तेव्हा कंपनीचा माणूस कोल्हापुराहून यायला अकरा दिवस लागले. काम नीट केलं, पैसे घेतले नाहीत, पण श्रावणातले अकरा दिवस म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

विजेचं सांगते. पहिल्या वर्षी रोज नऊ-दहा तास चाललं, महिन्याला सत्तरच्या आसपास युनिट वाढले. १०० युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे बिल नुसतं युनिटांच्या हिशेबापेक्षा जास्त वाटतं. खर्च धरून चला.

आणि एवढं करूनही पहिल्या वर्षी पश्चिमेच्या कोपऱ्यात बुरशी परत आलीच. मीटर ६३ दाखवत होतं आणि कोपऱ्यातली भिंत हाताला गार, ओली लागत होती. यंत्र हवा सुकवत होतं, भिंत पाणी पुरवत होती. खोलीच्या मध्यावरचा आकडा आणि ओल्या भिंतीला चिकटलेल्या हवेचा आकडा वेगळा असतो, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर, भिंत पूर्ण वाळल्यावर, गावातल्याच जुन्या गवंड्याला बोलावलं. त्याने आत पाऊल टाकायच्या आधी घराला बाहेरून फेरी मारली. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यात चीर होती, करंगळीचं नख जाईल एवढी, ती खरवडून भरली. पश्चिमेला स्लॅबच्या कडेने तीन फुटांचा पत्र्याचा छज्जा काढला. आतला प्लॅस्टिक पेंट आणि ते कोटिंग पार चिऱ्यापर्यंत खरवडून काढलं, पोती भरून घाण निघाली. नवा गिलावा केला आणि वर चुन्याचे तीन हात दिले. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या दाहक गुणामुळे बुरशी त्यावर सहज धरत नाही, म्हणून आपले जुने लोक दरवर्षी चुना काढायचे. चुना भिजवताना आणि लावताना डोळे जपावे लागतात, मुलांना लांब ठेवावं. आणि मे महिन्यात आईंनी स्वतः बसून चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झापां विणली, ती पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बांधली. सासरे होते तोवर मूळ घराच्या पडवीला दर आगोटीला, पावसाळा तोंडावर आला की, झापां लागायची. स्लॅबच्या खोलीला ती कधी लावली नव्हती, पक्की खोली म्हणून. सगळं मिळून साडेअकरा हजार झाले, कोटिंगवाल्याच्या साधारण निम्मे.

या वर्षी तीच खोली, तेच यंत्र. रोज पाच-सहा तास चालवून ५६ ते ५८. कोपरा कोरडा. युनिट चाळीसच्या आसपास. फक्त चतुर्थीच्या पाच दिवसांत, मुंबईची मंडळी आली, खोलीत सहाजणं झोपली, ओले कपडे आत वाळत घातले, तेव्हा आकडा ७० वर गेला. माणसांच्या श्वासातही पाणी असतंच.

आता बायचं. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर दिलं होतं, जोरात फुंकायची नळी, आकडा वहीत लिहायचा. आकडा जितका जास्त तितकी छाती मोकळी. यंत्राआधीच्या आठवड्यात सकाळी उठल्यावर ११० आणि शाळेतून आल्यावर १४०. रात्रभर आपल्याच खोलीत झोपून मूल सकाळी कमी फुंकतं आणि बाहेर राहून आल्यावर जास्त, हे ते दोन आकडे बघून मला समजलं. मागच्या वर्षी श्रावणापर्यंत सकाळचा आकडा १३० वर आला. या वर्षी सकाळ-संध्याकाळ १५०-१५५, तिची उंचीही वाढली आहे ते धरून. नेब्युलायझर मागच्या पावसाळ्यात एकदा लागला, यंदा अजून एकदाही नाही. सगळं श्रेय यंत्राला देणार नाही. यंत्र आलं त्याच महिन्यात तिचा रोजचा इनहेलर, स्पेसर (औषध नीट श्वासात जावं म्हणून मधे जोडायची पोकळ नळी) लावून, सुरू झाला होता, आणि तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आम्ही एक दिवसही थांबवलेला नाही. यंदा त्यांनी मात्रा कमी केली. यंत्र आलं म्हणून कुणी औषध बंद करू नका, हे हात जोडून सांगते.

यंत्राआधी काय काय करून बघितलं तेही सांगते. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे, आत कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात. बंद कपाटाला चांगले, खोलीला काहीच नाही, आणि खाली जमणारं पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये. डांबरगोळ्या घरातून काढून टाकल्या. नॅफ्थॅलिनच्या गोळ्यांमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या, आणि ते कमी आहे हे आधी बहुतेकांना माहीत नसतं. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. आई खोलीत शेणीवर कडुलिंबाची धुरी करायच्या, त्यांच्या पिढीने तसंच खोल्या सुकवल्या. पण दम्याच्या छातीला धूर म्हणजे धूरच. डॉक्टरांनी मायेने समजावलं, त्यांनी त्याच दिवशी बंद केली.

बुरशी पुसताना बायला माझ्या माहेरी पाठवलं. मी एन-९५ मास्क, हातमोजे घातले, भिंत आधी साबणाच्या पाण्याने ओली केली, मग घासली. कोरडी घासू नका, सगळं हवेत उडतं. आणि ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. भिजलेलं प्लायवूड, उशी, कापसाची गादी ठेवली नाही. गादी टाकताना जीव तुटला, लग्नातली होती, तरी टाकली. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे आणि पलंग पूर्वेच्या भिंतीला.

यंत्राला पाचपैकी चार देते. एक गुण लाइट गेल्यावर बंद राहण्यासाठी कापला. मीटरला पाचपैकी पाच.

ते मीटर वाडीत फिरतं. मी दुकानात येणाऱ्या बायकांना देते, दोन दिवस ठेवा आणि आकडा लिहून आणा. सध्या ते खालच्या वाडीत एका बाळंतिणीच्या खोलीत आहे. खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, दोरीवर दुपटी. काल तिची आई ब्लाउज न्यायला आली तेव्हा चिठ्ठी घेऊन आली, तीवर रात्रीचे ८८ लिहिलेले होते. उद्या सकाळी उघडीप असेल तर मी आणि आई तिकडे जाणार आहोत, तिच्या पाळण्यामागचं कपाट हलवायला.